दाढेच्या मुळाशी लेसर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



एकदंताच्या उत्सवात दातांवर बोलायचं आणि मोदकांना नावं ठेवायची, एवढी माझी हिंमत नाही. मोदक खुशाल खा, फक्त नंतर चूळ भरा. आज बोलायचं आहे ते रूट कॅनालमधल्या लेसरबद्दल. कारण आपल्या आदिलाबादेत दाढ ठणकली की म्हणतात, "कापूस विकला की नागपूरला जाऊन लेसरनेच करून घेऊ." तोवर लवंगेचं तेल आहेच!

दाताच्या पोटात एक मऊ, जिवंत भाग असतो. आपण त्याला 'नस' म्हणतो. कीड तिथवर पोचली की तो सडतो आणि जंतू मुळातल्या नळ्यांत शिरतात. रूट कॅनाल म्हणजे तो भाग काढायचा, नळ्या धुवून कोरड्या करायच्या, गटापर्चा भरून बंद करायच्या आणि गरजेप्रमाणे वर कॅप बसवायची.

खरी अडचण धुण्यात आहे. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात. त्या सरळ नसतात. त्यांना फाटे फुटतात, दोन नळ्यांमध्ये चिंचोळ्या फटी असतात. डॉक्टरांची बारीक फाइल कित्येक ठिकाणी भिंतीला टेकतच नाही. म्हणून सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण सोडतात. ते मेलेला भाग विरघळवतं, जंतू मारतं. पण नळीच्या टोकाशी हवा अडकली की द्रावण वरच थांबतं. अरुंद गळ्याची बाटली नुसतं पाणी ओतून साफ होत नाही, खळखळावी लागते. तसंच हे.

लेसर हे खळखळण्याचं काम करतो. एर्बियम लेसरचा २,९४० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी फार वेगाने शोषतं. क्षणार्धात वाफेचा बुडबुडा तयार होतो, फुटतो आणि त्याच्या धक्क्याने द्रावण फाट्यांत घुसतं. डायोड लेसर वेगळा. त्याचा तंतू नळीत फिरवून उष्णतेने जंतू मारतात. तो हात राखून वापरावा लागतो, नाहीतर मुळाला चटका बसतो.

मग लेसरशिवाय उपचार अपुरा का? नाही. प्रयोगशाळेत लेसरने नळ्या अधिक स्वच्छ झालेल्या दिसल्या आहेत. पण त्यामुळे रुग्णाची दाढ हमखास जास्त टिकते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. द्रावण खळखळायला अल्ट्रासोनिक यंत्रही चालतं. लेसर हा मदतनीस आहे. दाताभोवती रबर डॅम, भरपूर धुणं, नळीची अचूक लांबी, शेवटचा एक्स-रे आणि वेळेवर पक्कं भरण, यांची जागा तो घेत नाही. डॉक्टरांना यंत्राचं नाव विचारण्याआधी या गोष्टी विचारा.

आणि थांबू नका. ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नव्हे. बहुधा नस मेलेली असते. मेलेल्या नसेत रक्त खेळत नाही, त्यामुळे नुसत्या गोळ्यांचं औषध तिथं पोचत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मग पैनगंगा ओलांडून नागपूर गाठलं, तरी कधीकधी दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपले वाडवडील म्हणत. कापूस विकून चण्यांची सोय होईलच. तोवर दात सांभाळू या.

गणपती बाप्पा मोरया!