पाण्यातल्या युरेनियमचा हिरवा उजेड

तुम्ही जबलपूरजवळच्या शहपुऱ्यात असा, की नागपुरात,
हातपंपाचं पाणी दिसायला नितळच असतं.
त्यात युरेनियम विरघळलं असलं, तरी डोळ्यांना कळत नाही.

ते कळतं उजेडानं.
नमुन्यावर अतिनील किरण सोडतात.
युरेनियम असेल, तर क्षणभर हिरवट उजेड परत येतो.
या मोजणीसाठी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं
लेझर फ्लोरिमीटर तयार केलं आहे.

पण युरेनियम आहे, एवढ्यानं भागत नाही.
ते कोणाच्या सोबतीनं आहे?
फॉस्फेटबरोबर असलं, तर छान उजळतं.
कार्बोनेटनं घेरलं, तर जवळजवळ विझतं.
मग नमुना गोठवतात, अगदी खूप थंड करतात,
आणि उजेड पुन्हा दिसू लागतो!
उजेडाच्या छटा कोणत्या, तो किती वेळ टिकला,
यावरून सोबती ओळखतात.
मला तर हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

नुसतं प्रमाण हवं असेल, तर आधी फॉस्फेटचं द्रावण मिसळतात.
सगळं युरेनियम सारखंच उजळतं.

पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा आहे लिटरला 30 मायक्रोग्रॅम.
आणि लक्षात ठेवा,
पाणी उकळून युरेनियम जात नाही.
ते कमी करायला आरओसारखं शुद्धीकरण लागतं.