विमानातला लाल रस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी माझी आई वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली. माझी बहीण जर्मनीत असते, तिच्याकडे आम्ही निघालो होतो. पेयांची गाडी जवळ आली तशी आईनं हळूच विचारलं, "पैसे पडतात का रे?" नाही म्हटल्यावर तिनं पलीकडच्या बाईंच्या पेल्याकडे बोट दाखवलं. "ते लाल काय आहे, तेच सांग."

तो टोमॅटोचा रस निघाला. आमच्याकडे टोमॅटो म्हणजे सार, नाहीतर कोशिंबीर. पण आईला तो इतका आवडला की तिनं दुसरा पेला मागून घेतला. बहिणीनं मग हौसेनं दुकानातून तोच रस आणला. एक घोट घेऊन आई म्हणाली, "कच्चट लागतोय. विमानातला वेगळा होता." आम्ही डबा दाखवला, नाव दाखवलं. ती ऐकेना. शेवटी "आईच्या जिभेची चव गेली, वय झालं" असं म्हणून आम्ही हसलो आणि विषय संपवला.

पुढे वाचनात आलं की हा प्रश्न लुफ्तान्झा या जर्मन विमान कंपनीलाही पडला होता. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं विमानात तोच मागत. वर्षाला सतरा लाख लिटरच्या आसपास रस खपत होता, म्हणजे जवळपास बिअरच्या बरोबरीनं! आणि तेही जर्मन कंपनीत!

म्युनिकजवळ होल्त्सकिर्शन इथे फ्राउनहोफर संस्थेची प्रयोगशाळा आहे. तिथे एका मोठ्या नळकांड्यात खऱ्या एअरबसचा तुकडाच बसवला आहे. आतल्या हवेचा दाब कमी करता येतो. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट; म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर बसून आपण जेवत असतो. शिवाय हवा अतिशय कोरडी, त्यामुळे नाक सुकतं. नाक सुकलं की चव गेलीच. सर्दीत जेवण कसं लागतं ते आठवा. २०१० च्या सुमाराला तिथे लोकांना बसवून खाऊ-पिऊ घातलं, तेव्हा मीठ आणि साखर दोन्ही फिकी वाटू लागली. टोमॅटोच्या रसाचं मात्र उलटं झालं. जमिनीवर ज्याला मातकट, कुबट वास येतो असं लोक म्हणत, तोच रस त्या कमी दाबात त्यांना गोडसर आणि फळासारखा लागला.

दुसरं कारण आवाजाचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लोकांच्या कानांत विमानासारखी ८५ डेसिबलची घरघर सोडून त्यांना चवी दिल्या. गोड मंदावलं, पण 'उमामी' वाढली. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या कढणातून वेगळी ओळखलेली ही पाचवी चव. आपल्याकडे तिला शब्द नाही, पण पिकलेल्या टोमॅटोत आणि सुकटीत ती भरपूर असते. कानाचा जिभेशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. जिभेच्या पुढच्या भागातून चव नेणारी नस मधल्या कानातूनच मेंदूकडे जाते.

आता सगळं शास्त्रावर घालू नये. आईनं रस मागितला तो शेजारणीचं पाहून. अमेरिकेत पुष्कळ जण विमानात जिंजर एल मागतात, आल्यानं मळमळ थांबते म्हणून, एस.टी.नं घाट चढताना आपण आलेपाक चघळतो, त्यातलाच प्रकार. सवयीचा भागही मोठा असतो. युनायटेड कंपनीनं २०१८ मध्ये कमी पल्ल्याच्या विमानांतून टोमॅटोचा रस काढला, तर प्रवाशांनी एवढी ओरड केली की तो परत आणावा लागला.

पण "विमानातला वेगळा होता" हे आईचं म्हणणं खरं होतं. ती जे चाखत होती तेच सांगत होती आणि डब्यावरचं नाव दाखवून आम्ही तिला खोटं पाडत होतो. मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

पुढच्या महिन्यात ती पुन्हा निघाली आहे. या वेळी पर्समध्ये मीठ-जिरेपुडीची छोटी पुडी बांधून ठेवली आहे. रसात घालायला.