दोन इंजिनं, नऊ प्रोसेसर आणि एक लपलेला बग

आजचा विषय विमानाचा आहे, पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे गाडी शेवटी कोडवरच येणार, आधीच सांगून ठेवतो.

विमान आहे बोईंग ७७७. २००७ मध्ये एअर इंडियानं मुंबई ते न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली, ती याच्याच २००एलआर या प्रकारावर. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, याच प्रकारानं हाँगकाँगहून पूर्वेकडच्या लांबच्या वाटेनं लंडन गाठलं होतं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, मध्ये एकही थांबा नाही.

आणि इंजिनं किती? फक्त दोन. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानांना नियम होता: एक इंजिन बंद पडलं तर ६० मिनिटांत विमानतळ गाठता येईल, एवढ्याच अंतरात राहायचं. मग मोठा समुद्र ओलांडायचा तर तीन-चार इंजिनं हवीत. पुढे ही मर्यादा वाढत गेली, पण आधी उडून विश्वास कमवायचा, मग सूट मिळायची. ७७७ला मात्र १९९५ मध्ये सेवेत येतानाच १८० मिनिटांची परवानगी मिळाली. म्हणजे ‘उडवून बघू, मग दुरुस्त करू’ हा आपला लाडका पर्यायच नव्हता.

म्हणून तयारीही तशीच होती. हे पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन झालेलं पहिलं प्रवासी जेट. कॅटिया नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे भाग आधी स्क्रीनवर जोडून पाहिले. पाइप आणि वायर एकमेकांना आडवे येतात का, ते तिथेच कळायचं.

आता माझा आवडता भाग. ७७७ हे बोईंगचं पहिलं फ्लाय-बाय-वायर प्रवासी विमान. पायलटनं कंट्रोल हलवला की सिग्नल आधी कॉम्प्युटरकडे जातो. असे मुख्य कॉम्प्युटर तीन, आणि प्रत्येकात तीन प्रोसेसर: एक इंटेलचा, एक मोटोरोलाचा, एक एएमडीचा. एकूण नऊ. का? एकाच कंपनीची चिप सगळीकडे लावली आणि तिच्यातच दोष निघाला, तर सगळे एकदम चुकतील! कोड एडा भाषेतला, एकच. पण कंपायलर तीन वेगवेगळे.

एवढं करूनही १ ऑगस्ट २००५ला पर्थहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं ७७७ वर चढता चढता अचानक नाक उचलून उभं व्हायला लागलं. वेग घटला, स्टॉलची सूचना वाजली. पायलटनी ऑटोपायलट काढला, विमान सांभाळलं आणि पर्थला सुखरूप परत आणलं.

चूक नऊ प्रोसेसरमध्ये नव्हतीच. विमानाचा वेग आणि हालचाल मोजून पुढे पाठवणाऱ्या दुसऱ्याच एका युनिटमध्ये होती. त्यातला एक सेन्सर २००१ मध्येच बिघडलेला. बाकीचे होते, म्हणून त्याला वगळून काम चालू होतं. त्या दिवशी दुसरा बिघडला, आणि सॉफ्टवेअरनं चार वर्षांपूर्वी बाद केलेल्या सेन्सरचे आकडे पुन्हा खरे मानले. तपासात कळलं की हा बग जुन्या आवृत्त्यांमध्येही होता; कोडचा दुसरा भाग त्याला झाकून ठेवत होता. आणि ही परिस्थिती चाचण्यांच्या यादीतच नव्हती.

माझ्या मते खरा धडा इथे आहे. एकाच्या जागी तीन सर्व्हर ठेवले की आपल्याला निवांत झोप लागते. पण त्यातला एक बंद पडला आणि काम तसंच चालू राहिलं, तर त्या बंद पडलेल्याकडे बघतं कोण? बॅकअप बिघाड पचवतो, तसा तो लपवतोही. वरवर सगळं हिरवं दिसतं आणि आत आपण शेवटच्या आधारावर उभे असतो.

म्हणून उद्या कामावर गेलात की एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे असं काय आहे, जे बिघडलंय पण कुणाला जाणवत नाहीये? उत्तर सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!