भिजलेली काडतुसं वाळत घालू नका
(आकाशवाणीवरील भाषण)



आजचं बोलणं शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी त्याहून अधिक. परवान्याचं नूतनीकरण, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात बंदूक जमा करणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायचं एकच आहे. घराला आग लागली, ती पाणी मारून विझवली, आणि त्या पाण्यात काडतुसं भिजली, ठासणीच्या बंदुकीची दारू भिजली, टोप्या भिजल्या, तर यातलं काहीही वाळवून पुन्हा वापरू नका.

माझी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी विभागात झाली. तो कारखाना १८६९ सालचा. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी 'शक्तिमान' नावाची बारा बोअरची काडतुसं असतील, ती तिथलीच. निवृत्तीनंतर मी कोकणात गावी राहायला आलो. उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतलं एक कौलारू घर जळालं. वाडीतल्या माणसांनी विहिरीचा पंप लावून, कळश्या ओतून आग विझवली. माणसं, गुरं वाचली. चार दिवसांनी भेटायला गेलो तर खळ्यात चटईवर कोकमाची सोलं वाळत घातलेली आणि शेजारी सुपात काडतुसं! एका वर्तमानपत्रावर ठासणीच्या बंदुकीची काळी दारू पसरलेली, आणि घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा ती हाताने वरखाली करतोय. घरधनी म्हणाला, "काका, ऊन कडक आहे, दोन दिवसांत सुकेल सगळं."

त्याचं मन मला कळतं. घर गेलेल्या माणसाला हाती लागेल ते वाचवावंसं वाटतं. काडतुसाला पैसे पडतात, परवान्यावर संख्येची मर्यादा असते, दुकान असतं जिल्ह्याच्या गावी. आणि भात पोटरीला आलं की रानडुकरं काही वाट बघत नाहीत. तरीही मी त्याला रागावलो, आणि आज तुम्हालाही थोडं रागावूनच सांगणार आहे.

भाताच्या बियाण्याची मुडी पावसात भिजली तर आपण काय करतो? सोडून उन्हात पसरतो. दोन उन्हं दिली की दाणा पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. पण तो रुजेल की नाही हे दिसण्यावरून कळत नाही, म्हणून जाणता शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो. ऐंशी रुजले की म्हणतो, चालेल, जरा दाट पेरू. हाच हिशेब आपले लोक काडतुसाला लावतात. वाळवलेल्यांतली चार उडवून बघतात, चारही नीट उडाली की बाकीची चांगली समजतात. श्रोतेहो, हा हिशेब इथे लागू होत नाही. प्रत्येक काडतुसाचं तोंड वेगळं मिटलेलं असतं. एकात पाणी शिरलं, शेजारच्यात नाही, तिसऱ्यात अर्धवट. चारांनी पाचव्याची काहीच हमी दिलेली नसते. शिवाय भाताचा दाणा रुजला नाही तर वाफ्यात तेवढी जागा मोकळी राहते, इतकंच. काडतूस मुळीच उडालं नाही तर तेही इतकंच. घात होतो तो अर्धवट रुजणाऱ्या दाण्याने.

तो कसा, ते नीट ऐका. काडतुसाच्या बुडाला टोपी, तिच्यावर दारू, दारूवर बूच आणि बुचावर छर्रे. पाणी तोंडाच्या घडीतून शिरतं, टोपीच्या कडेनेही शिरतं. जुनी कागदी नळीची काडतुसं तर फुगून बंदुकीत बसतच नाहीत, ते एका परीने बरंच. प्लास्टिकचं मात्र बाहेरून जसंच्या तसं दिसतं. आत दारूचा थोडा भाग ओलसर राहिलेला, ढेकूळ झालेला. चाप ओढला की टोपी पेटते, पण दारू पुरती पेटत नाही. नेहमीचा दणका होत नाही, दबका फुसका आवाज येतो, आणि बूच व छर्रे नळीतच अडकतात. आता रात्रीची वेळ, समोर शेतात डुकरं, हातात बॅटरी. माणसाला वाटतं, बार फुकट गेला. तो घाईने दुसरं काडतूस घालतो. ते चांगलं असतं. बंद झालेल्या नळीत पूर्ण ताकदीचा बार झाला की नळी फाटते. आणि नळीखाली त्याचा डावा हात असतो.

म्हणून आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला तर थांबा. बंदूक मोकळी करून नळी आरपार दिसते का ते पाहिल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका. चाप ओढून काहीच झालं नाही, तर बंदुकीचं तोंड निर्धोक दिशेलाच ठेवून किमान मिनिटभर थांबा. भिजलेल्या काडतुसाचा बार उशिराही उडतो.

आता ठासणीच्या बंदुकीची दारू. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. यातला सोरा पाण्यात विरघळतो, कोळसा आणि गंधक विरघळत नाहीत. वाळताना सोरा कडेला, वरच्या थरात जमतो, त्याची पांढरी पूड दिसते. म्हणजे मिश्रण फुटलं. एका चिमटीत सोरा जास्त, दुसरीत कमी. मापाने भरलेला बार कधी ढिला, कधी कसा, याचा भरवसा राहत नाही. त्यात वाळलेल्या दारूचे खडे होतात आणि काही जण ते खलबत्त्यात फोडायला घेतात. बाबांनो, असं कधीही करू नका! काळ्या दारूला एक ठिणगी पुरते, घर्षणही पुरतं.

काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. ती मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची, आणि ते पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात नायट्रोसेल्युलोजची ने-आण मुद्दाम ओलं ठेवूनच करतात, कारण ओलं असेपर्यंत ते शांत असतं. वाळलं की पुन्हा पहिल्यासारखं जळाऊ. टोपीतल्या मसाल्याचंही तेच. ओला असताना ठोका बसला तरी तो गप्प राहील, सुकला की पुन्हा जागा होईल. म्हणून माझं सांगणं दोन्ही बाजूंनी आहे. भिजलेलं काडतूस मेलं असं धरू नका, आणि वाळलेलं बरं झालं असंही धरू नका. घरातल्या मुलांना हे आवर्जून सांगा. ओलं म्हणून कचऱ्यात टाकलेलं काडतूस आठ दिवसांनी ओलं राहिलेलं नसतं.

पुराचं पाणी आणि आगीचं पाणी यात एक फरक आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूणला, महाडला पूर आला, तेव्हा सामान नुसतं भिजलं. आगीत ते आधी भाजतं, मग भिजतं. आणि भाजल्याची खूण बाहेर दिसतेच असं नाही. काडतुसाच्या बुडाचं पितळ मुद्दाम कडक राखलेलं असतं, कारण बाराचा दाब त्याला सोसायचा असतो. आगीच्या धगीत ते मऊ पडतं. चिंचेने घासलं की लखलखीत दिसेल, पण गेलेला कडकपणा परत येत नाही. दारूतही ती टिकावी म्हणून डायफेनिलअमाइन नावाचं द्रव्य घातलेलं असतं. उष्णतेने ते लवकर खर्ची पडतं, मग दारू आतल्या आत कुजू लागते, आंबूस झोंबरा वास येतो, तांबूस वाफ दिसते. अशी दारू साठून राहिली तर आपोआपही पेट घेते. तेव्हा भिजलेली नसली तरी जळक्या खोलीतली काडतुसं बादच समजा.

हे सामान जळक्या घरातून उचलून गोठ्यात ठेवतात, तेही धोक्याचं आहे. इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत, आणि पावसाळा सरल्यावर त्यातल्या कित्येकांचं पितळ तडकलेलं निघे. हे आपल्याच देशातलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचं कारण शोधलं. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ओलाव्याबरोबर पितळेवर बसतो, आणि घडवताना पितळेत राहिलेल्या ताणामुळे ते तिथे चिरतं. गोठ्यातही तोच अमोनिया असतो.

मग करायचं काय? आग चालू असताना अग्निशमनवाल्यांना आधी सांगा की घरात काडतुसं आहेत, कुठे आहेत, आणि बंदूक भरलेली आहे का. सुटं काडतूस आगीत फुटलं तर त्याचे तुकडे आणि टोपी उडते, इजा होऊ शकते, पण बंदुकीतून सुटल्यासारखा तो मारा नसतो. भरलेली बंदूक मात्र आगीत तापून आपोआप उडते आणि नळी ज्या दिशेला असेल तिकडे खराखुरा बार जातो. म्हणून घरात भरलेली बंदूक ठेवूच नये. आग विझल्यावर जागा पुरती थंड होऊ द्या, मुलांना लांब ठेवा, ढिगाऱ्यात हात घालू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा, परवान्यावरच्या नोंदी सांगा, किती सापडली आणि किती सापडत नाहीत ते सांगा. हे परवानाधारकाचं कर्तव्यही आहे. विल्हेवाट त्यांच्याकरवी होऊ द्या, जिल्हा पोलिसांकडे बॉम्बशोधक आणि नाशक पथक असतं. विहिरीत टाकणं, शेतात पुरणं, चुलीत घालणं, फोडून छर्रे काढून घेणं, यातलं काहीही नको. एसटीने पिशवीतून नेणं तर नकोच नको.

बंदूकही भिजलेली असते. तिची नळी, तिचा दस्ता धगीत भाजला असेल तर परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय ती वापरू नका. नवी दारू कशी ठेवावी एवढं सांगतो. काळी दारू जाड लोखंडी डब्यात घट्ट कोंडू नका, कोंडलेली दारू पेटली की स्फोट होतो. टोप्या दारूपासून वेगळ्या ठेवा. दोन्ही चुलीपासून लांब, कुलपात आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी.

आणि ज्यांच्या घरी भिजून वाळवलेली काडतुसं आज डब्यात आहेत, मग ती आगीत भिजलेली असोत की पुरात, त्यांनी ती बंदुकीत घालू नयेत. उद्या सकाळी ठाण्यात कळवा.