पंगतीतले एक पान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मानेसर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी मंडळाच्या आठवणी सांगाव्यात, अशी कार्यकर्त्यांची अपेक्षा होती. मी विषय निवडला तो मात्र भाकरीचा. मी वैद्य नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत उमेदीची वर्षे घालविलेला एक सामान्य गृहस्थ आहे. परंतु गेली दहा वर्षे आमच्या घरी एक दुखणे मुक्कामाला आहे. त्याचे औषध दुकानात मिळत नाही, स्वयंपाकघरात मिळते. आणि त्या औषधाचा थोडासा वाटा आपणा सर्वांच्या हाती आहे, म्हणून हे धाडस.

आमची धाकटी कन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. उंची खुंटलेली, चेहरा पांढुरका, पोट मात्र फुगलेले. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, जंतांचे औषध झाले, दृष्टही काढून झाली. अशक्तपणा जावा म्हणून आम्ही तिला तूप लावलेली पोळी आग्रहाने वाढीत असू. जे तिला बाधत होते तेच आम्ही मायेने भरवीत होतो, हे दोन वर्षांनी कळले. आधी रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा कण काढून पाहिला. रोगाचे नाव निघाले सिलिअ‍ॅक.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक तिंबल्यावर तिला जी लवचिकता येते, ती याच्यामुळे. ज्यांना हा रोग आहे त्यांच्या शरीरातील संरक्षणयंत्रणा ग्लूटेन आत येताच स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य केले की ती लव हळूहळू पुन्हा उगवते. पुन्हा गहू सुरू केला की पुन्हा झडते. म्हणून पथ्य हेच औषध, आणि ते जन्मभराचे.

हे पथ्य सापडले त्याची कथा हृदयद्रावक आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी संशय युद्धापूर्वीच आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली; पाव मिळेनासा झाला. त्या दिवसांत या रोगाची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली, असे सांगतात. डिके यांनी आपले निष्कर्ष १९५० साली प्रबंधरूपाने मांडले. सारा देश ज्या पावासाठी व्याकूळ झाला होता, तोच काही लेकरांचा वैरी होता!

आता आपल्याकडे पाहू. हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी राजधानी परिसरात पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला हा रोग आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशाच्या तीन भागांची तुलना होती. उत्तरेत रोगाचे प्रमाण शेकडा १.२३, तर दक्षिणेत अवघे ०.१० निघाले. रोगाला पोषक अशी आनुवंशिकता दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. भेद होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत सुमारे २५ ग्रॅम. आमच्या मुलीला हा रोग उत्तरेत आल्यामुळे जडला, असे मी म्हणणार नाही. पण आपण भाकरीच्या मुलुखातून रोटीच्या मुलुखात आलो आहोत, हे ध्यानात असलेले बरे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. प्रत्येक पोटदुखी म्हणजे सिलिअ‍ॅक नव्हे. कोणाला गव्हाची अ‍ॅलर्जी असते. कोणाला रोग नसूनही गहू सोसत नाही. हे निदान डॉक्टरांचे काम आहे. संशय आल्याबरोबर आपल्या मनाने गहू सोडू नका. गहू सोडल्यानंतर तपासणी केली तर रोग असूनही तो दिसत नाही. आधी तपासणी, मग पथ्य. आणि घरात एकाला हा रोग निघाला तर भावंडांची व आईवडिलांची तपासणीही करून घ्यावी. जवळच्या रक्ताच्या नात्यात त्याचा संभव इतरांपेक्षा बराच अधिक असतो.

निदान झाल्यावर आमच्यापुढे पहिला प्रश्न पडला, तो पोळीऐवजी काय. गुडगावच्या मोठ्या दुकानांतून ग्लूटेनरहित ब्रेड आणला. किंमत पाहून छाती दडपली. ग्लूटेन नसले की पिठात हवा धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून असा ब्रेड बहुधा मक्याचे, बटाट्याचे वा टॅपिओकाचे सत्त्व घेऊन, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा इसबगोल घालून करतात. तो प्रवासात, शाळेच्या डब्यात उपयोगी पडतो; रोजचे अन्न म्हणून चोथा कमी, खर्च फार. घेतानाही वेष्टन वाचून घ्यावा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर पदार्थाला ग्लूटेनरहित म्हणता येते. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे ग्लूटेनरहित नव्हे. नाचणीच्या वा ज्वारीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ब्रेड-बिस्किटांतही पुष्कळदा पहिला घटक मैदा किंवा गव्हाचे पीठच असतो.

शेवटी आमची सुटका केली ती सोलापूरहून आलेल्या माझ्या मातोश्रींनी. त्या म्हणाल्या, “अरे, पोरीला भाकरी घाला की! एवढं काय त्यात?” खरेच, एवढे काय त्यात? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही. परंतु आमच्या सौभाग्यवतींना भाकरी थापता येत नव्हती. दोन पिढ्यांपूर्वी जी भाकरी घरोघर होती, ती आम्ही नोकरीबरोबर मागे टाकली होती. पोळी म्हणजे प्रतिष्ठा, भाकरी म्हणजे गरिबी, असा तो हिशेब. सत्तरीच्या सासूबाईंनी चाळिशीच्या सूनबाईंना परातीपुढे बसविले. पिठात चिकटपणा नाही म्हणून आधणाचे पाणी घालून उकड आणायची, तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, पीठ ताजे हवे, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी चिरते. महिनाभर आम्ही नकाशे खाल्ले. मग एक दिवस तव्यावर भाकरी टम्म फुगली.

या मानेसरचे मूळ अन्नही काही वेगळे नाही. दक्षिण हरयाणाचा हा पट्टा कोरडवाहू, बाजरीचा. येथील जुन्या घरांतून थंडीच्या दिवसांत अजून बाजरीची रोटी हातावर थापली जाते. तेव्हा आपण या मातीला परके नाही.

एवढे करूनही सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी जिथल्या तिथे! डॉक्टरांनी विचारले, पीठ कोठून आणता? आणि डोक्यात प्रकाश पडला. ज्वारी आम्ही चक्कीवर दळून आणीत होतो, आणि तिच्याआधी त्याच जात्यातून गहू गेलेला असे. तेव्हापासून घरघंटी आणली. तिच्यात गहू जात नाही. तवा, पोळपाट, परात वेगळी केली. मग एकेक छुपा शत्रू सापडत गेला. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत अनेकदा गहू. खपली हाही गहूच. मधुमेहाला चांगला म्हणून तो या रोगाला चालतो, ही गैरसमजूत आहे. उलट आपल्या उपवासाची पाने पाहा: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. बाहेरून भेसळ होऊ दिली नाही तर सारे निर्धोक!

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. निदानानंतरचा पहिला गणेशोत्सव. आरती झाली, सत्यनारायणाच्या शिऱ्याची ताटे फिरू लागली. मुलीने हात मागे घेतला. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, “देवाच्या प्रसादानं काही होत नाही गं, चिमूटभर घे.” मुलीने माझ्याकडे पाहिले. चारचौघांत नको कसे म्हणावे, या भिडेपोटी मी म्हणालो, “घे, चिमूटभर घे.” तिने घेतला. पुढच्या दोन रात्री ती पोट धरून कळवळत होती आणि मी तिच्या उशाशी बसून होतो. त्या बाईंचा दोष नव्हता, त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पुढच्या वर्षी आरतीला निघताना मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही जा. मी घरीच बसते.” ते वाक्य मला दुखण्यापेक्षा अधिक लागले.

महाराष्ट्रापासून इतक्या दूर आपण मंडळ कशासाठी चालवितो? मुलांना आपल्या माणसांत बसता यावे म्हणून. ज्या पंगतीत एका मुलाला बसता येत नाही, ती पंगत तेवढी अपुरी आहे. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक महाप्रसादात एक पातेले वेगळे असावे: साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा शिरा किंवा उकडीचे मोदक, आणि हिंग न घातलेले वरण-भात. ते पोळ्यांच्या आधी शिजवावे, वेगळ्या डावाने, सर्वांत आधी वाढावे. आणि कोणी नको म्हटले तर आग्रह करू नये. आग्रह हा आपला सद्गुण खरा. पण येथे न करणे हेच खरे आतिथ्य.

आमची मुलगी आज एकोणीस वर्षांची आहे, प्रकृतीने उत्तम आहे आणि तिची भाकरी आईपेक्षा सरस होते. आज ती या सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. भाषणानंतर भोजन आहे. ती पंगतीला बसेल की डबा उघडेल, हे मी कार्यकर्त्यांना विचारलेले नाही. पुढच्या गणेशोत्सवात मात्र विचारावे लागू नये, एवढीच गजाननाच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.