वार पडेपर्यंत



मूल रडले की पेढे आणायला माणूस धावतो. घरच्यांच्या लेखी बाळंतपण तेथे संपते. बाईच्या लेखी मात्र मोठ्या धोक्याची घटका तेव्हाच सुरू होते. मूल जन्मल्यापासून वार पडेपर्यंतच्या वेळेला प्रसूतीची तिसरी अवस्था म्हणतात. आज आम्ही बोलणार ते एवढ्याच वेळेविषयी.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तेथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती मिटवतो गर्भाशयाचाच स्नायू. त्याचे तंतू एकमेकांत विणलेले असतात. ते आवळले की रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. स्नायू सैल राहिला तर धडधाकट बाई दोन तासांत हातची जाते.

गुरांच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क गर्भाशय आवळतो, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. त्यातले ऑक्सिटोसिन द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत बनवले. १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हे औषध गोठ्यात पान्हा सोडवण्यासाठी चोरून टोचतात, म्हणून त्याची बदनामी फार. पण पोटात दुसरे मूल नाही एवढे पाहून, जन्मानंतर मिनिटभरात दहा युनिटे टोचली, तर रक्तस्राव पुष्कळ टळतो. "सुई द्या, लवकर मोकळी करा" असा हट्ट धरणाऱ्या सासवांना मात्र आमची हात जोडून विनंती आहे: मूल होण्याआधी हीच सुई अंदाजाने टोचली तर गर्भाशय फाटू शकते.

अडचण आहे ती उन्हाची. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, आणि वैराग-पानगावकडे वैशाखात पारा चाळिशीपार जातो. शीतकपाट नाही, टोचणारे कोणी नाही, तेथे काय करावे?

याचे उत्तर शोधले गेले बेळगाव जिल्ह्यात. २००२ ते २००५ या काळात तेथल्या खेड्यांतील १६२० बाळंतिणींवर प्रयोग झाला. नर्सबाईंनी निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या. अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर घालून रक्त मोजले. नुसत्या डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो. अर्धा लिटर वा अधिक रक्त गेलेल्या बायका शेकडा बारा होत्या, त्या औषधाने सहा-साडेसहावर आल्या. गोळीने हुडहुडी भरते, अंग तापते, तेवढे सोसावे. सुई मिळत असेल तेथे सुईच बरी.

तेव्हा सूनबाईचे नाव घालायला दवाखान्यात जाल, तेव्हा खोलीला पंखा आहे का हे जरूर विचारा. पण वार पडण्याच्या वेळची सुई कोठे ठेवता आणि वीज गेली की तिचे काय करता, हेही विचारून या.