माळ्यावरचं बोचकं



शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणायला सांगतात आणि आदल्या रात्री घरात धावपळ उडते. स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट येतं, चमकी येते, रंगीत कागद येतात, फेव्हिकॉलची नवी बाटली येते. आइस्क्रीम कुणी खाल्लेलं नसतं. सकाळपर्यंत पेनस्टँड तयार होतो, बाईंचा शेरा मिळतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तो पेनस्टँड केराच्या बादलीत जातो.

मोठ्या माणसांचंही याहून फार वेगळं होत नाही. आधी कुठेतरी छानसा फोटो पाहायचा, मग त्याबरहुकूम सामान गोळा करत हिंडायचं. सरबताच्या रिकाम्या बाटलीला लोकर गुंडाळायची, तिच्यावर मणी चिकटवायचे. एरवी ती बाटली भंगारवाल्याने आनंदाने नेली असती. आता तोही नको म्हणतो.

गोधडी शिवणाऱ्या बायकांची रीत याच्या नेमकी उलटी. त्या आधी जुन्या कपड्यांचं बोचकं सोडतात. आत काय आहे ते बघतात, हाताने चाचपतात, कापड उजेडात धरून कुठे विरलंय ते पाहतात आणि मग काय करायचं ते ठरवतात. सुती नऊवारी म्हणजे आठ मीटरहून थोडं अधिक कापड, पण ते सगळं सारखं झिजत नाही. बसण्याच्या जागी विरतं, पावलांशी फाटतं. पदर आणि काठ मात्र बरेचदा धडधाकट राहतात. म्हणून पदर वरच्या बाजूला, विरलेला भाग आतल्या थरात आणि काठ कडेला, अशी वाटणी होते. धोतर असेल तर ते अस्तराला. चिंधीसुद्धा वाया जात नाही, कारण कुठल्या तरी पातळ जागेला ठिगळ लागतंच.

काम निघतं चैत्र-वैशाखात. शेतातली घाई संपलेली असते, ऊन कडक असतं, धुतलेलं कापड तासाभरात खडखडीत वाळतं. अंगणात किंवा पडवीत थर एकावर एक अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, तळहाताने सुरकुत्या काढायच्या आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग खरी शिवण. साधा धावदोरा, दुसरं काही नाही. कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन घेत, बोटभर अंतर राखत ओळी मध्याकडे सरकत जातात. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या की काम भराभर पुढे जातं आणि गावातल्या बातम्याही.

यात गंमत अशी, की कापडाचं जुनेपण इथे अडचण ठरत नाही, ते कामी येतं. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असतं, पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवण आखडते. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं जेवढं आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, मऊ असतं, घाम शोषतं. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब राहते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला घरातलं जुनं कापडच हवं असा आजीचा हट्ट असतो, तो निव्वळ मायेपोटी नसतो. नायलॉनची साडी दिसायला कितीही झगझगीत असली तरी गोधडीत कुचकामी: थर घसरतात, घाम टिपला जात नाही.

गोव्याच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या बायका अशीच गोधडी शिवतात. तिला ‘कवंदी’ म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणलेली आणि तिथून निसटून रानात गेलेली माणसं यांच्या पूर्वजांत आहेत. कवंदीचे तुकडे ठरावीक मापाचे नसतात. हाताला येईल ती चिंधी कडेपासून लावत आणि शिवत त्या आत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी ‘फुलं’ बसवतात. फुलांवाचून कवंदी अपुरी. रंगांची जुळणी अशी बिनधास्त, की आज कवंदी संग्राहक आणि प्रदर्शनं यांच्यापर्यंत पोहोचली आहे. ज्यांनी ती शिवली त्यांना मात्र पोरांना पांघरायला काहीतरी हवं होतं.

शहरातल्या घरात लुगडी उरली नाहीत, हे खरं. पण टी-शर्ट उरले आहेत, आणि भरपूर. त्यांची उत्तम पायपुसणी होतात. टी-शर्टच्या दोन बोटं रुंद पट्ट्या आडव्या कापायच्या. पट्टी ताणली की ती आपोआप गुंडाळते आणि कडा आत जातात, त्यामुळे दोरे निघत नाहीत. विणलेल्या कापडाचा हा गुण फुकटात मिळतो. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, ती चकलीसारखी गोल फिरवत न्यायची आणि जाड दोऱ्याने शेजारच्या फेऱ्याला शिवायची. काम मांडीवर घेऊ नये, जमिनीवर सपाट ठेवावं. बाहेरच्या फेऱ्यांना वेणी थोडी सैल सोडावी लागते. ती ओढून धरली की पायपुसण्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि त्याचं टोपलं होतं. टोपलं झालंच तर बिघडत नाही; कांदे-लसूण ठेवायला चालतं.

कापडाची आवड नसणाऱ्यांसाठी अरविंद गुप्तांचं उदाहरण आहे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला होते. 1978 साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांच्या हाती आली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की वाकणारा सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही; चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. छपराच्या कैचीत आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे पोराला पुस्तक न उघडता कळतं. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी केली, शिकवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांची टोकं आधी खरवडून घ्यावीत, हे मुलांच्या आईबापांसाठी.

सामान कमी पडलं तर? शिंप्याकडचं कातरण सहसा कुणी मागत नाही, मागितलं तर पिशवीभर मिळतं. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे बिजागऱ्या, लोखंडी कड्या, जुनी कुलपं, मोडक्या घड्याळांची चाकं अशा वस्तू ढिगाने पडलेल्या असतात. पण बाजारात जाण्याआधी घरात काय पडून आहे ते पाहिलेलं बरं, नाहीतर आइस्क्रीमच्या काड्यांचीच गत व्हायची.

पहिल्याच झटक्यात मोठी गोधडी शिवायला घेऊ नये. ती अर्धवट राहते आणि पुन्हा माळ्यावर जाते. बाळाचं दुपटं घ्यावं, हातभर लांबी-रुंदीचं, दोन-तीन थरांचं. घरात किंवा शेजारी गोधडी शिवणारी कुणी आजी-मावशी असेल तर पहिली ओळ तिच्याकडून घालून घ्यावी, तिचा टाका पाहावा. दोरा सुती वापरावा, गाठ थरांच्या आत दडवावी म्हणजे बाळाला टोचणार नाही. आणि बोचक्यात निघालेल्या नायलॉनच्या साड्या बोहारणीला देऊन एखादं पातेलं घ्यावं.